पाणी काढा, पोटॅशियम राखा

हृदय थकले की आधी घोटे सुजतात, मग पोटऱ्या, मग पोट भरते आणि शेवटी आडवे पडले की धाप लागते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या सुजेवर डॉक्टरांकडे फारसे काही नव्हते. विल्यम विदरिंगने १७८५ मध्ये लोकांपुढे आणलेली डिजिटॅलिसची पाने होती, पण त्यांची मात्रा थोडी चुकली तरी जिवावर बेतायचे. लंडनच्या रेजिनाल्ड साउदीने १८७७ मध्ये बारीक नळ्या सुचवल्या. त्या रोग्याच्या सुजलेल्या पायात खुपसायच्या आणि पाणी थेंब थेंब भांड्यात गळू द्यायचे. त्यातून लिटरच्या लिटर पाणी निघे, रोग्याला चार दिवस बरे वाटे आणि सूज परत येई. जखम पिकली तर ते दुखणे वेगळेच. अंगातले पाणी मूत्रपिंडाच्या वाटेने काढता येईल अशी भरवशाची गोळी हाताशी यायला विसावे शतक अर्धे सरावे लागले. ती आली, तेव्हा पाण्याबरोबर आणखी काहीतरी वाहून जाते आहे हे ध्यानात आले. इथून पुढची हकीकत त्या ‘काहीतरी’ची, म्हणजे पोटॅशियमची आहे.

सुरुवात मात्र एका योगायोगाने झाली. ऑक्टोबर १९१९. पहिले महायुद्ध संपून वर्षही झालेले नव्हते आणि व्हिएन्नात सगळ्याचाच तुटवडा होता. वेंकेबाख यांच्या विख्यात विभागात आल्फ्रेड फोगल हा वैद्यकीचा विद्यार्थी काम करत होता. जन्मजात उपदंशाने खंगलेली एक तरुण मुलगी त्याच्या देखरेखीखाली होती. उपदंशावर त्या काळी पारा देत. फोगलने पाऱ्याचे एक नेहमीचे इंजेक्शन लिहून दिले, पण ते पाण्यात विरघळत नाही असे औषधविभागाने कळवले. तेव्हा कोणीतरी नोव्हासुरोल या नव्या औषधाचा नमुना त्याच्या हातावर ठेवला. तेही पाऱ्याचेच होते. फोगलने ते टोचले. वॉर्डातली नर्स शिस्तीची होती. कोणी मागो न मागो, ती रोजच्या लघवीचे माप तक्त्यावर चढवत असे. त्या तक्त्यावर इंजेक्शनच्या दिवशी रेघ एकदम वर गेलेली दिसली आणि पुढच्या इंजेक्शनला पुन्हा तशीच. सुजलेल्या इतर रोग्यांवर तेच करून पाहिले, तर लिटरांनी लघवी झाली. १९२० मध्ये साक्सल आणि हायलिग यांनी हे छापून प्रसिद्ध केले. पुढची तीसेक वर्षे हृदयविकाराच्या रोग्यांनी आठवड्यातून एक-दोनदा पाऱ्याचे इंजेक्शन घेण्यात काढली. पारा तो पाराच. मूत्रपिंडाला तो घातक होता, आणि शिरेतून दिला तर एखादा रोगी जागीच दगावे. तरीही दुसरा चांगला उपाय नव्हता.

याच तीस वर्षांत दुसरा शोध चालू होता. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्या तर प्राणी मरतात. मरण्याआधी अंगातले मीठ निघून जाते आणि पोटॅशियम साठते. म्हणजे मीठ धरून ठेवणारे काहीतरी या ग्रंथी तयार करतात. कॉर्टिझोनसारखी द्रव्ये या ग्रंथींतून शुद्ध रूपात निघाली आणि त्या कामासाठी बाझलच्या टाडेउश राइखश्टाइन यांना केंडल आणि हेंच यांच्या जोडीने १९५० चे नोबेल मिळाले. पण सगळे स्फटिक वेगळे करून झाल्यावर भांड्यात जो चिकट गाळ उरे, त्यात मीठ राखण्याची विलक्षण शक्ती होती. त्या गाळात काय आहे हे कोणाला सांगता येत नव्हते.

ते शोधून काढले लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातल्या दोघांनी. सिल्व्हिया सिम्पसन यांचा जन्म १९१७ चा, सायबेरियातल्या ट्युमेन गावचा. वडील स्कॉटिश व्यापारी, आई रशियन. क्रांतीनंतर कुटुंब ब्रिटनला आले. त्यांचा पहिला नवरा दुसऱ्या महायुद्धात मारला गेला. जेम्स टेट हे मूळचे भौतिकशास्त्राचे. त्यांनी चाचणी बसवली ती अशी : अधिवृक्क ग्रंथी काढलेल्या उंदराला किरणोत्सारी सोडियम आणि किरणोत्सारी पोटॅशियम टोचायचे, त्यासोबत तपासायचे द्रव्य द्यायचे आणि उंदराच्या लघवीत या दोहोंचे प्रमाण मोजायचे. सोडियम अडले आणि पोटॅशियम सुटले, तर द्रव्य कामाचे. यात घाई फार, कारण या सोडियमची किरणोत्सारिता पंधरा तासांत निम्मी होते आणि पोटॅशियमची बारा तासांत. दुसरीकडे ग्रंथींचा अर्क गाळणकागदाच्या लांब पट्ट्यांवर पसरवून त्याचे घटक वेगळे करायचे. पट्टीचा प्रत्येक तुकडा कापायचा, त्यातले द्रव्य उतरवायचे आणि उंदरावर तपासायचे. एका द्रावणात हे अनोळखी द्रव्य थेट कॉर्टिझोनसोबत धावायचे. त्यामुळेच ते आजवर लपून राहिले होते. द्रावण बदलले तेव्हा ते वेगळे पडले. १९५२ मध्ये हिलरी ग्रंडी यांच्यासह त्यांनी तसे जाहीर केले.

शुद्ध स्फटिक हवे तर कच्चा माल ढिगाने लागणार होता. मग राइखश्टाइन आणि सिबा कंपनीचे व्हेटश्टाइन आणि नेहर यांच्याशी हातमिळवणी झाली. कत्तलखान्यांतून गोळा केलेल्या सुमारे ५०० किलो ग्रंथींतून जेमतेम वीस-बावीस मिलिग्रॅम स्फटिक हाती आले. ते साल १९५३ होते. आधी त्या द्रव्याचे नाव ठेवले इलेक्ट्रोकॉर्टिन, आणि पुढच्याच वर्षी रेणूची रचना उलगडल्यावर ते झाले अल्डोस्टेरॉन. सिम्पसन आणि टेट यांनी १९५६ मध्ये लग्न केले आणि १९५९ मध्ये दोघेही रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

अल्डोस्टेरॉन हे हार्मोन मूत्रपिंडातल्या नलिकांच्या शेवटच्या टप्प्यात काम करते. तिथवर आलेले सोडियम ते रक्तात परत ओढून घेते आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम लघवीत सोडते. सोडियमपाठोपाठ पाणी येतेच. रोजच्या आहारात मीठ कमी पडे त्या काळी या व्यवस्थेने माणूस जगवला. पण थकलेल्या हृदयाकडून मूत्रपिंडाला रक्त कमी पोचू लागले की शरीराला वाटते, पाणी आटले. मग अल्डोस्टेरॉन वाढते, मीठ साठते आणि आधीच सुजलेला माणूस आणखी सुजतो. यकृत निकामी होऊन जलोदर होतो, तिथेही हाच प्रकार. सुजलेल्या रोग्यांच्या लघवीत मीठ अडवणारे काहीतरी सापडते, असे अमेरिकेत जॉन ल्यूटशर यांनी आधीच दाखवले होते. ते हेच निघाले.

मग प्रश्न आला : सूज नसलेल्या माणसात हे द्रव्य उगाच जास्त झाले तर काय होईल? उत्तर मिशिगन विद्यापीठाच्या अ‍ॅन आर्बरमध्ये जेरोम कॉन यांच्या वॉर्डात चालत आले. कॉन यांनी युद्धकाळात दमट उष्ण प्रदेशात लढणाऱ्या सैनिकांच्या घामाचा अभ्यास केला होता. उन्हाची सवय झाली की घामातले मीठ कमी होते, आणि हे अधिवृक्क ग्रंथी घडवून आणतात, असा त्यांचा तर्क होता. १९५४ च्या एप्रिलमध्ये त्यांच्याकडे चौतीस वर्षांची एक बाई आली. सात वर्षांपासून तिला मधूनच पायांतली शक्ती जाण्याचे झटके येत. कधी उभे राहता येत नसे, तर कधी हातांना पेटके येत. बीपी वाढलेले आणि रक्तातले पोटॅशियम खाली गेलेले. कॉन यांनी तिला २२७ दिवस वॉर्डात ठेवले. ती काय खाते, लघवीत किती मीठ जाते, घामात किती, हे सगळे रोज मोजले. तिच्या घामात मीठ जवळजवळ नव्हतेच. उन्हात तयार झालेल्या सैनिकासारखा तो घाम होता, आणि ही बाई मात्र मिशिगनच्या थंडीत अंथरुणावर होती. ऑक्टोबरात शिकागोच्या परिषदेत अध्यक्षीय भाषण करताना कॉन यांनी या आजाराचे वर्णन केले. डिसेंबरात शस्त्रक्रिया झाली. सर्जनला ग्रंथीवर चार सेंटिमीटरची गाठ सापडली. गाठ काढल्यावर पोटॅशियम जागेवर आले, बीपी उतरले आणि झटके थांबले. आजाराला कॉन सिंड्रोम हे नाव पडले. न्यायाने एक नाव आणखी घ्यायला हवे. पोलंडच्या मिहाव लितिन्स्की यांनी १९५३ मध्येच असे दोन रोगी नोंदवले होते, पण पोलिश भाषेतल्या त्या नियतकालिकाकडे बाहेर कोणाचे लक्ष गेले नाही.

आता हे अल्डोस्टेरॉन अडवायचे कसे? वाट शिकागोच्या परिसरातच निघाली. प्रोजेस्टेरॉन दिले की शरीरातून मीठ बाहेर पडते, असे १९५५ मध्ये लांडाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले. म्हणजे प्रोजेस्टेरॉन अल्डोस्टेरॉनच्या आड येते. शिकागोजवळच्या स्कोकी गावात सर्ल ही औषध कंपनी त्या दिवसांत अशाच स्टेरॉइडांशी झटत होती. संततिनियमनाची पहिली गोळी, एनोव्हिड, तिचीच. तिथे रसायनज्ञ जॉन सेला रेणूंची जोडतोड करत आणि चार्ल्स कागावा ते उंदरांवर तपासत. पहिले रेणू टोचल्यावर चालायचे, पण तोंडाने दिले की फुकट जायचे. थोडी दुरुस्ती केल्यावर गोळीतून चालणारा रेणू मिळाला, तो स्पायरोनोलॅक्टोन. कागावांच्या प्रयोगात एक गोष्ट लख्ख दिसली. ज्या उंदराच्या अंगात हे हार्मोन अजिबात नाही, त्याला स्पायरोनोलॅक्टोन द्या वा न द्या, फरक शून्य. हे औषध स्वतः काहीच करत नाही. लोकलमध्ये रुमाल टाकून जागा अडवावी तसे ते अल्डोस्टेरॉनची जागा अडवून ठेवते. मग मीठ सुटते आणि पोटॅशियम राहते. व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या ग्रँट लिडल यांनी १९५७ मध्ये याच जातीचे रेणू माणसांवर तपासले. १९६० च्या आसपास अल्डॅक्टोन या नावाने गोळी बाजारात आली. सुरुवातीची १०० मिलिग्रॅमची गोळी पोटात नीट शोषली जात नसे. भुकटी अगदी बारीक केल्यावर तेच काम २५ मिलिग्रॅममध्ये होऊ लागले.

पण तोवर बाजी दुसऱ्याच गोळीने मारली होती. मर्क कंपनीच्या कार्ल बायर, जेम्स स्प्रेग, जॉन बेअर आणि फ्रेडरिक नोव्हेलो यांनी क्लोरोथायाझाइड काढले आणि १९५८ मध्ये ते विक्रीस आले. तोंडाने घ्यायचे, पारा नाही, आणि बीपीही उतरते. एडवर्ड फ्रीस यांनी ते रक्तदाबावर वापरून दाखवले. पाऱ्याची इंजेक्शने काही वर्षांत मागे पडली. पाठोपाठ फ्युरोसेमाइड आले, म्हणजे आपल्याकडे सर्वांच्या तोंडी असलेले लॅसिक्स. गोळी घेतल्यावर तासाभरात लघवीला धावावे लागायचे.

या विजयाची किंमत पोटॅशियमने चुकवली. ही औषधे नलिकेच्या आधीच्या टप्प्यांवर सोडियम अडू देत नाहीत. ते सगळे सोडियम शेवटच्या टप्प्यावर येऊन थडकते, तिथले अल्डोस्टेरॉन त्यातले जमेल तेवढे परत ओढते आणि तेवढे पोटॅशियम घालवते. त्यात पाणी कमी झाल्याने अल्डोस्टेरॉन आणखी वाढते. रोग्यांचे पाय गळू लागले, गोळे येऊ लागले. हृदयाचे रोगी सोबत डिजिटॅलिस घेत, आणि पोटॅशियम खाली गेले की डिजिटॅलिस विषासारखे चढून ठोके बिघडवते. मग पोटॅशियम क्लोराइड बरोबर द्यायचे ठरले. जठराला ते जळजळ करते म्हणून आतड्यात विरघळेल असे वेष्टन दिले. १९६४ च्या सुमारास सर्जन मंडळींना लहान आतड्यावर विचित्र व्रण आणि अडथळे दिसू लागले. वेष्टन विरघळायचे, तिथे सगळे पोटॅशियम एकदम पडायचे आणि आतडे जळायचे. बाहेरून पोटॅशियम भरण्यापेक्षा आतले जाऊ न देणे बरे, हे तेव्हा डॉक्टरांना पटले.

याच काळात स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच कंपनीने ट्रायअ‍ॅम्टरिन आणले आणि मर्कने अ‍ॅमिलोराइड. ही दोन्ही अल्डोस्टेरॉनच्या वाटेला जात नाहीत. सोडियम ज्या दारातून आत जाते ते दारच बंद करतात. दोन मार्ग वेगळे आहेत याचा पुरावा एका कुटुंबाने दिला. १९६३ मध्ये लिडल यांनी असे एक घराणे वर्णिले, ज्यात भावंडांचे बीपी वाढलेले आणि पोटॅशियम उतरलेले होते. लक्षणे थेट कॉन सिंड्रोमची, पण अल्डोस्टेरॉन मोजले तर नगण्य. स्पायरोनोलॅक्टोनचा उपयोग झाला नाही, कारण अडवायला हार्मोनच नव्हते. ट्रायअ‍ॅम्टरिनने मात्र गुण आला. दोष त्या दारातच होता, जे सदैव उघडे राहत होते. जनुकीय पातळीवर हे सिद्ध व्हायला तीस वर्षे जायची होती. लिडल यांनी ते गोळ्यांच्या हिशेबावरून ताडले.

तरीही स्पायरोनोलॅक्टोन दुय्यमच राहिले. त्याला परिणाम दाखवायला दोन-तीन दिवस लागत. फ्युरोसेमाइडच्या मानाने लघवी थोडी होई. शिवाय ते प्रोजेस्टेरॉनच्या गोत्रातले, त्यामुळे पुरुषांची छाती वाढे, दुखे, आणि बायकांच्या पाळीत बिघाड होई. मोठ्या मात्रेने उंदरांमध्ये गाठी होतात असे आढळल्यावर तर ब्रिटनने १९८८ मध्ये साध्या रक्तदाबासाठी त्याची परवानगी काढून घेतली. जलोदराच्या रोग्यांपुरते ते उरले. त्यातच एसीई इन्हिबिटर गटाची औषधे आली. ती अल्डोस्टेरॉन तयार होण्याची साखळीच मधे तोडतात, मग आणखी एक अडवणारे कशाला? उलट दोन्ही मिळून पोटॅशियम धोक्याच्या वर जाईल, म्हणून ही जोडी देऊच नये असे पाठ्यपुस्तकांत लिहिले गेले.

या शहाणपणाला दोन गोष्टींनी तडा गेला. एसीई इन्हिबिटर चालू असूनही काही महिन्यांनी अल्डोस्टेरॉन पुन्हा वर येते असे दिसले. आणि मिसुरी विद्यापीठात कार्ल वेबर आणि ख्रिस्तियन ब्रिला यांनी उंदरांवर दाखवले की अल्डोस्टेरॉन केवळ मीठ धरत नाही, तर हृदयाच्या स्नायूत तंतूंचे जाळे वाढवते, हृदय कडक करते, आणि स्पायरोनोलॅक्टोन ते थांबवते. म्हणजे लघवीच्या भांड्यात ज्याचे माप घेतले गेले, त्याचे खरे काम दुसरीकडेच चालू होते.

ते तपासायची जिद्द धरली बर्ट्राम पिट यांनी. तेही अ‍ॅन आर्बरचेच. पेटंट कधीच संपलेल्या, स्वस्त औषधाची चाचणी पंधरा देशांतल्या १६६३ रोग्यांवर झाली. हृदय अगदी खालावलेले रोगी निवडले. निम्म्यांना रोज २५ मिलिग्रॅम स्पायरोनोलॅक्टोन, निम्म्यांना औषध नसलेली नुसती गोळी. ही मात्रा इतकी थोडी की लघवीत फारसा फरक पडू नये. सरासरी दोन वर्षांत नुसत्या गोळीच्या गटातले ३८६ जण दगावले, औषधाच्या गटातले २८४. मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी घटला होता. १९९८ मध्ये चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली, कारण पुढे चालवणे गैर ठरले असते. सप्टेंबर १९९९ मध्ये निकाल छापून आला. पुरुषांतल्या दर दहांपैकी एकाला छातीचा त्रास झाला. पोटॅशियमचा गंभीर धोका दोन टक्क्यांनाच.

हा दोन टक्क्यांचा आकडा सगळ्यांना फार आवडला. तो कसा मिळाला, याकडे कमी जणांनी पाहिले. ज्यांचे मूत्रपिंड कमजोर किंवा पोटॅशियम आधीच चढलेले, ते रोगी चाचणीत घेतलेच नव्हते. घेतलेल्यांचे रक्त पहिले तीन महिने दर चार आठवड्यांनी तपासले जात होते. गोळी जगभर गेली, तपासणी तितकी गेली नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात डेव्हिड जुर्लिंक यांनी सरकारी नोंदी चाळून २००४ मध्ये हिशेब मांडला. हृदयविकारासाठी नुकतेच रुग्णालयात राहून आलेल्या आणि एसीई इन्हिबिटर घेणाऱ्या वयस्कर रोग्यांत १९९४ साली हजारी ३४ जणांना ही गोळी लिहिली जात होती. २००१ च्या अखेरीस हजारी १४९ जणांना. पोटॅशियम वाढल्याने भरती होण्याचे प्रमाण हजारी २.४ वरून ११ वर गेले आणि त्यातून होणारे मृत्यू हजारी ०.३ वरून २ वर. पोटॅशियम कमी झाले तर पाय गळतात. फार वाढले तर हृदय थांबते, आणि बहुतेक वेळा आधी काही जाणवतही नाही.

त्यानंतर औषधाची जागा पक्की झाली ती अधिक भानाने. छातीचा त्रास कमी करणारे एप्लेरेनोन २००२ मध्ये आले. तीन-तीन गोळ्या घेऊनही न उतरणाऱ्या रक्तदाबावर चौथी कोणती, या प्रश्नाला ब्रिटनच्या ‘पाथवे-२’ चाचणीने २०१५ मध्ये उत्तर दिले : स्पायरोनोलॅक्टोन. चाचणीतल्या बाकीच्या दोन औषधांना त्याने सहज मागे टाकले. १९८८ मध्ये रक्तदाबातून हाकललेली गोळी त्याच देशात मानाने परत आली. कॉन यांनी साठच्या दशकात म्हटले होते की उच्च रक्तदाबाच्या बऱ्याच रोग्यांमध्ये हे हार्मोन प्रमाणाबाहेर गेलेले असते. तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. त्यांचा आकडा मोठा होता खरा, पण रोख बरोबर होता.

आपल्याकडे ही गोळी आज गावोगावच्या मेडिकलमध्ये मिळते. सर्लची भारतातली कंपनी पुढे मुंबईच्या आरपीजी लाइफ सायन्सेसच्या रूपात आली आणि अल्डॅक्टोन हे नाव अजून टिकून आहे. फ्युरोसेमाइडबरोबर एकत्र केलेली लॅसिलॅक्टोन तर अनेक घरांतल्या औषधाच्या डब्यात सापडेल. किंमत थोडी, उपयोग मोठा. तेव्हा तुमच्या किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पाकिटावर स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन, अ‍ॅमिलोराइड किंवा ट्रायअ‍ॅम्टरिन लिहिलेले असेल, तर ती गोळी मनाने बंद करू नका आणि मनाने वाढवूही नका. बीपीसाठी चांगले म्हणून विकले जाणारे कमी सोडियमचे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असते. रोजचे नारळपाणी आणि अंगदुखीच्या गोळ्या यांबद्दलही विचारा. उलट्या-जुलाब झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आणि पुढच्या भेटीत एकच प्रश्न नक्की विचारा : पोटॅशियम आणि क्रिएटिनिनची पुढची तपासणी कोणत्या तारखेला?